कुंडीतला वाळा

अवर्षणप्रवण पारनेर तालुक्यातील सुप्यासारख्या गावी मृगाचा पाऊस मुरमाड जमिनीत जिरला, की उकिरड्याच्या बुडाशी, कुंडीखालच्या ओलीत किंवा मोरीच्या कडेला गांडुळासारखा एक काळसर, तुळतुळीत जीव वळवळताना आढळतो आणि नागाचे पिल्लू समजून बहुधा चपलेखाली जातो. हा वाळा. सुगंधी गवताच्या मुळ्यांना आणि तान्ह्या मुलाच्या पायातल्या दागिन्यालाही मराठीत हाच शब्द आहे. व्युत्पत्तीच्या भरीस न पडताही, मुळीसारखे बारीक हे वर्णन या सापाला नेमके लागू पडते.

वीतभरही क्वचितच भरणाऱ्या या बिनविषारी सापाच्या अंगावर गांडुळासारखी वळी नसून तेल लावल्यासारखे चकाकणारे खवले असतात, बारीक जीभ लपलपते, आणि तळहातावर घेतल्यास शेपटीच्या टोकावरचा अणकुचीदार काटा टोचतो, ज्याचा डंख म्हणून धसका घेतला जातो. डोळे खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके असून त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो; मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या शोधण्यास त्याहून अधिक दृष्टी लागत नाही.

पॅट्रिक रसेल याने 1796 साली प्रसिद्ध केलेल्या कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांच्या ग्रंथात हा साप आला आणि 1803 मध्ये दोदँ याने त्याला ‘ब्रामिनस’ हे शास्त्रीय नाव दिले. त्याचे खरे नवल मात्र पुढे उलगडले: या जातीत नर आढळत नाही. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच बाळगणारी मादी नराविना अंडी घालते, ज्याला अनिषेकजनन म्हणतात. म्हणजे मुळांच्या मातीतून एकच मादी परमुलखात पोचली तरी वसाहतीस पुरेशी ठरते, आणि अशा रीतीने रोपांबरोबर हा साप जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरला.

उलट, हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर, जावाच्या दक्षिणेस, याचाच एक आंधळा भाऊबंद राहतो, जो जगात अन्यत्र कोठेही नाही. ‘फ्लाइंग फिश’ या ब्रिटिश जहाजाच्या भेटीनंतर 1887 मध्ये बूलँजे याने त्याला उडत्या माशाच्या लॅटिन नावावरून ‘एक्सोसिटी’ म्हटले, हा एक विनोदच, कारण नावात समुद्रावरून झेपावणारा मासा असलेला हा साप आपले बेट कधी सोडत नाही, आणि तेथेही तो फार क्वचित दृष्टीस पडला आहे. त्याच बेटाच्या मातीत आपला वाळाही पोचला असून तेथील प्राणिसूचीत त्याची नोंद उपऱ्यांमध्ये होते.

सुप्यात तो स्थानिक मानावा, तर तेही वाटते तितके सरळ नाही. येथील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या दारांशी लावलेली शोभेची झाडे दूरच्या रोपवाटिकांतून काळ्या पिशव्यांतील मातीसकट येतात. त्यांच्या बुडाशी सापडणारा वाळा गावच्या मुरमातला की पिशवीतून उतरलेला, हे एकमेकींच्या जवळजवळ प्रतिकृतीच असलेल्या त्या माद्यांकडे पाहून सांगता येत नाही.