पेन्सिलीच्या खुणा

जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी मला रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना मिळाली. १९६३ची ही कादंबरी मुंबईतल्या झोपडपट्टीची. १९८१मध्ये तिच्यावर सिनेमा आला, त्यात स्मिता पाटील अम्मा झाली होती.

माझ्या प्रतीत आधीच्या वाचकाने पेन्सिलीने खुणा केल्यात. शिव्यांखाली रेघा, स्त्री-पुरुष संबंधांच्या मजकुराशेजारी 'अश्लील!' असा शेरा. अम्मा, तिचा मुलगा बेनवा आणि लुक्का यांची उपासमार जिथे येते, तिथे मात्र एकही खूण नाही.

माझं लहानपण भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात, पत्र्याच्या एका खोलीत गेलं. अब्बा रात्रपाळी करून आले की त्यांना आडवं होता यावं म्हणून आम्ही भावंडं बाहेर जाऊन बसायचो. आजारपण, भांडण, बाळंतपण सगळं त्याच खोलीत. तिथलं खासगी जगणं शेजाऱ्यांच्या कानावर पडणारच. तिथे कमी असतात त्या भिंती.

दळवींनी या माणसांना धुऊनपुसून आपल्यासमोर आणलं नाही. मला त्यात त्यांचा आदर दिसतो. गरिबाने आधी सोज्वळ असावं, मग त्याच्या भुकेबद्दल बोलू, ही अट आपण आजही घालतोच ना?