वीज नसताना उरणारा सूर

'भारनियमन' या शब्दाचा अर्थ मराठवाड्यातील व्यापारी घरांना कोशात पाहावा लागला नाही. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला. राज्याची मागणी वाढत राहिली आणि निर्मिती तिच्या मागे पडत गेली. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली, तेव्हा ही तूट ऐन भरात होती. वीजगळती आणि बिलांची वसुली यांच्या प्रमाणावरून वस्त्यांचे गट पाडले गेले. ज्या गटाची वसुली चांगली, त्याच्या वाट्याला अंधार कमी. उधारीचा व्यवहार जाणणाऱ्यांना हा हिशेब परका नव्हता. पुढे 2013 च्या दुष्काळात तर परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा आहे पण पाणी नाही, म्हणून वीज नाही, असाही दिवस या प्रदेशाने पाहिला.

तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्या अंधाराने व्यापाऱ्यांचे नुकसानच केले. गुलमंडीच्या दुकानांपुढे जनरेटर धूर ओकत उभे असत आणि त्यांच्या डिझेलचा खर्च नफ्यातून जाई. गिरण्या थांबत, विद्यार्थी मेणबत्तीजवळ वह्या सरकवत. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु हानीच्या खात्यावर सर्व नोंदी केल्यानंतरही जमेच्या बाजूला एक लहानशी रक्कम शिल्लक राहते, आणि तिची नोंद सहसा कोणी केली नाही. त्या काळात कित्येक घरांतून माळ्यावरची पेटी खाली उतरली.

संध्याकाळी वीज गेली की दूरदर्शन संच, संगणक आणि टेपरेकॉर्डर एकाच क्षणी मुके होत. करमणुकीची जी साधने घराने पैसे मोजून आणली होती, त्यांपैकी एकही उपयोगी पडत नसे. चालत असे ते केवळ ज्याला तारेची गरज नव्हती तेच: हाताने भाता हलवायची पेटी, टाळ, मंजिरी, ढोलकी आणि माणसाचा गळा. पंखा व फ्रीज यांची सततची घरघर थांबल्यामुळे खोली विलक्षण शांत होई. साध्या स्वरालाही पुरेशी जागा मिळे. उकाड्यामुळे खिडक्या उघडाव्या लागत, त्यामुळे एका घरातील स्तवन समोरच्या घरात पोहोचे आणि दोन कडव्यांनंतर तिकडूनही कोणीतरी साथ धरी.

कापडाचा व्यापार असलेल्या एका कुटुंबात असेच घडले. थोरली सून माहेरी संगीताच्या 'मध्यमा'पर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झालेली होती. लग्नानंतर तिच्या वडिलांनी तिची पेटी सोबत पाठवली होती. पण सासरी रात्री मालिका आणि बातम्या यांना इतके स्थान होते की पेटी बाहेर काढण्याचा प्रसंग आठ वर्षांत आला नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. कोणी विचारले नव्हते, एवढेच. एका उन्हाळ्यात दीड तासाच्या अंधारात कंटाळलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, माळ्यावरची ती पेटी वाजते तरी का?"

"बघते, आई," असे म्हणून तिने धूळ झटकली. दोन सूर मुके झाले होते आणि भात्यातून हवा निसटत होती. तरीही ती गायली. कंदिलाचा उजेड जेमतेम पेटीपुरता असल्यामुळे तिचा चेहरा कोणाला नीट दिसत नव्हता, आणि बहुधा म्हणूनच सासऱ्यांसमोर तिचा संकोच सुटला. सासऱ्यांनी मांडीवर ताल धरला. बारा वर्षांचा नातू तेलाचा रिकामा डबा घेऊन बसला. स्तवन संपल्यावर सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आठ वर्षं घरात असून आम्हाला ठाऊक नव्हतं ग."

दुसऱ्या आठवड्यात पेटी दुरुस्तीला गेली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे त्या घरात अंधाराची वेळ ही गाण्याची वेळ झाली. सासूबाईंना त्यांच्या आईकडून आलेली जुनी स्तवने येत होती. सुनेला राग ओळखता येत होते. एकीने चाल द्यायची आणि दुसरीने ती पेटीवर शोधायची, असा क्रम पडला. स्त्रियांचा स्वर काळी चार-पाचचा, पुरुषांचा काळी एकच्या आसपासचा. सर्वांना एकत्र गाता येईल अशी पट्टी ठरवताना रोज थोडी कुरबुर होई आणि रोज कोणीतरी माघार घेई. एकत्र कुटुंबात हे शिक्षण लहान नव्हे.

मग घरात इन्व्हर्टर आला. तो आणणे शहाणपणाचेच होते. मुलांच्या परीक्षा होत्या. गाणे बंद करायचे असे कोणीही ठरवले नाही, पण पंधरवड्यात ते बंद झाले. दिवे जात नव्हते, त्यामुळे मालिका खंडित होत नव्हती, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारत नव्हते. दहाएक वर्षांनी सासूबाई अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळल्या. सून उशाशी भ्रमणध्वनीवर स्तवने लावून ठेवी. एके रात्री त्यांनी हाताने खूण करून तो बंद करायला लावला आणि क्षीण आवाजात सांगितले, "दिवा घालव आणि तू म्हण." सुनेने दिवा घालवला. अंधाराच्या त्या दोन वर्षांत शिकलेली स्तवनेच तिच्या ओठांवर आली, आणि पुढचे काही दिवस रोज रात्री ती येत राहिली.

विकत घेतलेल्या कोणत्याही यंत्राने त्या रात्री हे काम केले नसते. यंत्रात आवाज अधिक सुरेल होता, पण तो आजारी माणसाच्या श्वासाबरोबर थांबणारा नव्हता.

या नगरीच्या परिसराला अशा विजेविना संगीताचा वारसा मोठा आहे. शहराजवळची देवगिरी ही यादवांची राजधानी. तेथे सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकी एक केवळ वाद्यांना वाहिलेला असून त्यात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार प्रकार सांगितले आहेत. तारेचे, फुंकीचे, मढवलेले आणि आघाताचे. सर्व माणसाच्या बोटांवर, श्वासावर आणि तळव्यावर चालणारे. व्यापारी वाचकांना विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे शार्ङ्गदेव हा यादव दरबारातील हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. दिवसा राज्याचा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात श्रुतींचा हिशेब, असे त्याचे जीवन असावे. त्याच सिंघणाच्या राजवटीत, शके 1156 मध्ये म्हणजे इ. स. 1234-35 च्या सुमारास, वेरूळच्या जैन लेण्यांवरील डोंगरात चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती घडवली. तिच्या आसनावरील लेख आजही ती नोंद सांगतो.

जैन परंपरेनेही संगीताला गौण मानलेले नाही. आगमांतील 72 कलांच्या यादीत लेख आणि गणित यांच्या पाठोपाठ नाट्य, गीत आणि वाद्य येतात. पार्श्वदेव या दिगंबर आचार्यांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलश या श्वेतांबर ग्रंथकाराचा 1350 मधील 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे भारतीय संगीतशास्त्रातील मान्य ग्रंथ आहेत. आणि भक्तामर स्तोत्राची कथा कोणत्या जैन बालकाला ठाऊक नाही? आचार्य मानतुंगांना अंधारकोठडीत कोंडले, एकेका श्लोकाबरोबर एकेक कुलूप गळून पडले, असे परंपरा सांगते. त्या कोठडीत ना दिवा होता, ना वाद्य. होता तो कंठ आणि पाठ असलेले शब्द.

पेटी मात्र या देशात बरीच उशिरा आली. युरोपातील मूळ हार्मोनियम पायाने भाता मारण्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्या भारतीय वादकासाठी हाताच्या भात्याची पेटी घडवली. तिचे सूर श्रुतींशी जुळत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले. तरीही मंदिरांतून, कीर्तनांतून आणि घरांतून ती हलली नाही, कारण नवशिक्यालाही ती पहिल्या दिवसापासून खरा सूर देते. पेटीच्या पोटातील पितळी सूरपट्ट्यांसाठी पालिताणा प्रसिद्ध आहे. शत्रुंजयाच्या यात्रेला जाणाऱ्या कित्येक भाविकांना आपल्या मंदिरातील पेटीचा आवाज त्याच पायथ्याच्या गावचा असू शकतो, याची कल्पना नसते.

आज भक्तिसंध्या म्हटली की वाद्यवृंद, मोठे ध्वनिवर्धक आणि बाहेरगावचे गायक असे चित्र उभे राहते. त्यात वाईट काही नाही. हजार माणसांच्या सभेत मागच्या रांगेतील वृद्धाला ऐकू यावे ही अपेक्षा रास्त आहे, आणि उत्तम गायकाला मान मिळावा हेही योग्यच. प्रश्न आहे तो श्रोत्यांच्या गळ्याचा. ध्वनिवर्धकापुढे शंभर माणसे गायली काय आणि न गायली काय, ऐकू येणारा आवाज तोच राहतो. म्हणून हळूहळू गाणे थांबते आणि टाळ्या उरतात. याउलट पुष्कळ साधू-साध्वी आजही ध्वनिवर्धकाचा वापर न करता प्रवचन देतात, आणि त्यांचे शब्द ऐकण्यासाठी सभा आपोआप शांत होते. स्थानकात तर वाद्यही नसते; तेथे कंठ हेच वाद्य. पाच-सात माणसांनी प्रतिक्रमणानंतर संथ स्वरात म्हटलेली सज्झाय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

धोका केवळ सवय मोडण्याचा नाही. चाल कागदावर उतरत नाही. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कवियो' या ग्रंथमालेत जुन्या रासांवर व स्तवनांवर लिहिलेल्या 'देशीं'ची, म्हणजे चालींची, मोठी सूची दिली आहे. त्यांतील कितीतरी चालींचे आज फक्त नाव उरले आहे. म्हणणारे गेले आणि सूर त्यांच्याबरोबर गेला. घराघरांतील सत्तरी-ऐंशीच्या श्राविकांना जी स्तवने मुखोद्गत आहेत, त्यांच्या बाबतीत हेच पुन्हा घडण्याच्या मार्गावर आहे. पुस्तकात शब्द छापले जातात, आणि चालीच्या जागी एखाद्या चित्रपटगीताची 'तर्ज' लिहिली जाते. व्यापाराच्या भाषेत ही न वापरलेल्या मालमत्तेवरची घसारा आहे. फरक इतकाच की ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही आणि संपल्यावर बाजारात पुन्हा विकत मिळत नाही.

यासाठी अंधार परत यावा अशी इच्छा कोणी करणार नाही. मुख्य कळ बंद करायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. महिन्यातील एखाद्या संध्याकाळी, चतुर्दशीच्या प्रतिक्रमणानंतर किंवा रविवारी जेवण आटोपल्यावर, तासभर दूरदर्शन व भ्रमणध्वनी बाजूला ठेवून घरातील सर्वांनी एकत्र बसावे. चामड्याच्या वाद्यांची अडचण वाटत असेल तर टाळ, मंजिरी आणि करताल आहेतच. माळ्यावर पेटी असेल तर ती आधी दुरुस्तीला द्यावी, कारण धूळ बसलेला सूर ऐन वेळी बोलत नाही. घरातील एका तरी मुलाला किंवा मुलीला ती वाजवायला शिकवावे. आणि दादी किंवा आजी जे स्तवन म्हणतात, ते भ्रमणध्वनीवर साठवून न थांबता त्यांच्याबरोबर म्हणून पाहावे. साठवलेला आवाज जपतो, पण चाल म्हटल्याशिवाय गळ्यात उतरत नाही.

यंदाच्या पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मंडळांनीही एक रात्र अशी ठेवून पाहावी: ध्वनिवर्धक नाही, बाहेरचा गायक नाही, केवळ आपल्याच घरांतील आवाज. पहिल्या वर्षी सूर डळमळतील, पट्टीवरून वाद होतील, दोन-चार कडवी मध्येच विसरली जातील. त्या रात्री कोणाची सून, कोणाचा नातू, कोणाचे अबोल काका किती सुंदर गातात हे कदाचित त्यांच्याच घरच्यांना प्रथमच कळेल.