आप्पांची टॉमी गन

१६ जून २०२४, रविवार

रात्री साडेनऊला फिनिक्सहून पुतण्याचा फोन. तिथं सकाळ. "काका, एक वस्तू घ्यायचीय. तुमची नजर हवी." वस्तू म्हणजे थॉमसन सबमशीन गन, टॉमी गन. दुसऱ्या महायुद्धातली, चालू स्थितीतली. विकणारा ३१ हजार डॉलर मागतोय.

"आप्पांकडे इटलीत हीच होती ना?"

हो म्हणालो. वडिलांबद्दल लहानपणापासून घरात सगळे तसंच म्हणायचे.

१७ जून

झोप लागली नाही. ३१ हजार डॉलर म्हणजे पंचवीस-सव्वीस लाख. महाळुंग्याच्या तुकड्याचे त्याच्या वाट्याला जेवढे आले, जवळजवळ तेवढेच. बाकी शिवार एमआयडीसीत कधीच गेलं. आप्पांच्या नावावरचा तो शेवटचा तुकडा होता.

हिला अजून सांगितलं नाही.

१९ जून

परत फोन. मी प्रश्न लिहून ठेवले होते, जुन्या तपासणी अहवालाच्या पाठीवर. ग्रीन कार्ड हातात आहे का? आहे. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असता तर बहुधा साधी बंदूकसुद्धा घेता आली नसती. नोंदणी कधीची? १९ मे १९८६ च्या आतली हवी. त्यानंतर नोंदलेली सामान्य माणसाला मिळतच नाही. म्हणून तर हा भाव. नग मोजके, वाढणार कधीच नाहीत. सरकारी कर २०० डॉलर. १९३४ साली ठरला तेवढाच आजही. बोटांचे ठसे, फोटो, मग केंद्राची मंजुरी. मंजुरी येईपर्यंत बंदूक परवानाधारक दुकानदाराकडेच राहते.

पोराचा अभ्यास पक्का. मी एकच जास्तीचं सांगितलं. आधी तपासणी, मग पैसे. कंपनीत चौतीस वर्षं हेच केलं.

एक विचारायचं राहिलं. तो परत यायचा झाला तर? इकडे ती बंदूक कधीच येणार नाही.

२२ जून

चौदा फोटो आले. नातवाच्या मोठ्या स्क्रीनवर लावून बसलो. मॉडेल एम-१ए१. बोल्ट मागे ओढायची मूठ उजव्या बाजूला. आधीच्या १९२८ मॉडेलला ती वर असते. विकणाऱ्याच्या वर्णनात चूक नाही.

डाव्या अंगावर बारीक अक्षरं: जीईजी. शोधलं. जॉर्ज गोल, ऑटो-ऑर्डनन्सचा तपासनीस. त्यानं पास केली म्हणून ती कारखान्याबाहेर पडली. माझाही असाच शिक्का होता, गोल, आत नंबर. निवृत्तीच्या दिवशी काउंटरवर जमा करून आलो. हाताला अजून त्याचं वजन आठवतं.

गोलच्या अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. काचेवर.

२३ जून

फोटो पुन्हा. सहावा आणि अकरावा नीट नाहीत. मुद्दाम अंधारात घेतल्यासारखे. मॅगझिनच्या खाचेच्या मागचा भाग दिसत नाही. त्याला लिहिलं: दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, जवळून. फ्लॅश नको. फ्लॅश सगळं सपाट करतो.

२५ जून

वाचतोय. ही बॉडी एका अख्ख्या पोलादी ठोकळ्यातून मिलिंग करून काढलेली. किती सेटिंग, किती कटर! १९३९ साली एक नग २०९ डॉलरला पडायचा. १९४४ पर्यंत एम-१ए१ ४५ डॉलरवर आला. कुठला कट कमी केला, कुठलं फिनिश सोडलं, कुठला पार्टच काढून टाकला, हे वाचताना रात्रीचा एक वाजला. इंग्रजांची स्टेनगन तर नळी, पत्रा आणि वेल्डिंग. भोसरीतल्या कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये तिचं ड्रॉइंग बघून लोक हसले असते. थॉमसनचं ड्रॉइंग बघून कुणी हसलं नसतं.

वजन पावणेपाच किलोच्या वर, रिकामी असताना. स्वयंपाकघरातली पाच किलोची आट्याची पिशवी खांद्याला लावून उभा राहिलो. ही बघत होती. आता तिला सांगावंच लागलं.

ती म्हणाली, "त्यांनी कधी तुम्हाला त्या बंदुकीबद्दल एक शब्द सांगितलाय का?"

२९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत. रस्ते बंद. पाऊस भुरभुर. दर्शन लांबून.

३ जुलै

चाकण. जमिनीच्या कागदाची एक सही बाकी होती. चौकात दीड तास गाडी हलेना. सही झाल्यावर व्यवहारातला मध्यस्थ चहाला घेऊन गेला. बोलता बोलता मी बंदुकीचं बोललो. बोलायला नको होतं. तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "साहेब, तसलं जुनं एक पीस एकाकडे आहे. लढाईतलं. चालत नाही, शोसाठी. परदेशात कशाला पैसे घालवता?"

चहा अर्धा टाकून उठलो. पाय कापत होते. गाडीत बसल्यावर कळलं, भीती एवढीच नव्हती. क्षणभर वाटलं होतं, बघून तर येऊ.

४ जुलै

कायदा काढून वाचला. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम ७. स्वयंचलित शस्त्र म्हणजे प्रतिबंधित शस्त्र. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय विकत घेणं नाही, बाळगणं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, चौदापर्यंत. संजय दत्तला एके-५६ च्या प्रकरणात याच कायद्याखाली पाच वर्षं झाली होती, दुरुस्तीच्या आधी. इथं जवळच, येरवड्यात.

कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या, निकामी शस्त्राला सूट आहे. पण अट वाचा. दुरुस्त करूनसुद्धा ते शस्त्र म्हणून वापरता येऊ नये. तळवड्यापासून चाकणपर्यंत दर गल्लीत लेथ, व्हीएमसी, वायरकट. इथं कुठल्या लोखंडाबद्दल कोण छातीठोक म्हणेल की हे दुरुस्त होणार नाही? "चालत नाही, शोसाठी" हे शब्द ऐकले की उठायचं. पुतण्याला नाही, इथल्या प्रत्येक हौशी माणसाला सांगेन.

दुपारी पोलिसांकडे जाऊन आलो. ऐकलं तेवढं सांगितलं. त्यांनी नीट लिहून घेतलं. ही दार उघडून उभीच होती.

७ जुलै, रविवार

नवे फोटो. तिरप्या उजेडातले. सातव्यात दिसलं.

मॅगझिनच्या खाचेमागे, आडवी, दोन मिलिमीटरभर रुंद पट्टी. ब्ल्यूइंगचा रंग तिथं जरा जांभळट. बाकी अंग काळं. पोलाद तेच असतं तर रंग एकच चढला असता. तिथं भरलेला धातू वेगळा आहे. वरून फाइल मारून सपाट केलंय, पण मिलिंगच्या मूळ रेघा पट्टीपाशी येऊन तुटतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. एकाच कटरच्या रेघा मध्येच थांबत नाहीत.

म्हणजे ही कधीतरी कापलेली. लष्करानं मोडीत काढताना गॅसनं तुकडे केले, मग कुणीतरी जोडली. कागदावर नोंदणी १९६८ ची. त्या वर्षी २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर माफीचा महिना होता, बिननोंदीच्या बंदुका लोकांनी तेव्हा नोंदवून घेतल्या. कागद खरा असेल. लोखंड जोडलेलं आहे.

पुतण्याला सांगितलं. कायद्यानं हरकत नाही, पण अखंड नगाचा भाव देऊ नकोस. बॉडी सोडून बाकी सगळं बदलता येतं, म्हणून पैसे बॉडीचे असतात. तिथं ज्याला हे कळतं त्याच्याकडून समोर उघडून बघून घे. विकणारा उघडू देत नसेल तर निघून ये.

तो चिडला. "काका, मला भाव नका सांगू. आप्पांची वस्तू आहे."

आप्पांची नाही, म्हणालो. तशीच दिसणारी.

फोन बंद.

१० जुलै, बुधवार

माणगाव. शेजाऱ्याच्या गाडीनं ताम्हिणीतून. धुकं एवढं की पुढच्या गाडीचे दिवे फक्त. तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा. आज बरोबर ऐंशी वर्षं. १० जुलै १९४४, इटली, टायबरच्या वरच्या खोऱ्यात. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा मशीनगनवर धावला. ग्रेनेडनं गन आणि ती चालवणारा गेला. एकाला टॉमी गननं टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यानं संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

फोटोतल्या त्या सुबक कटाच्या बॉडीचा सोट्यासारखा उपयोग. नळी तेव्हा किती तापलेली असेल.

हार घातला. शेजारी छत्री धरून उभा. आप्पाही घाडग्यांच्याच रेजिमेंटचे, पण पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत. त्यांच्या तोंडून इटलीतलं एकच नाव ऐकलं. सेनियो. नदी. तेही तापात.

परतताना घाटात आठवलं. आप्पांनी गावात कधी कुणाची तिरडी खांद्यावर घेतली नाही. सख्ख्या भावाचीसुद्धा नाही. मागून चालत यायचे, हात पाठीमागे. लोक गर्विष्ठ म्हणायचे.

१४ जुलै

ट्रंक उघडली. इटली स्टार, रिबन कसरीनं खाल्लेली. डिस्चार्जचा कागद, घडीवर फाटलेला, पेन्सिलीचं पुसून गेलेलं. तळाशी ती पट्टी. पांढरी होती, आता चहाच्या रंगाची. लाल अक्षरं: एस. बी. आई म्हणायची, कुणा मेलेल्या दोस्ताची आठवण असेल, नावाची अक्षरं. आम्ही कधी विचारलं नाही.

१६ जुलै

पट्टी घेऊन दिघीला गेलो, ओळखीच्या निवृत्त सुभेदारांकडे. त्यांनी हातात घेतली, उलटी केली, शिवण बघितली. उठून चष्मा आणला.

"स्ट्रेचर बेअरर," म्हणाले. "दंडावर बांधायचे. जखमी उचलायचे."

मी टॉमी गनचं विचारलं.

"दोन्ही हात स्ट्रेचरला, साहेब."

१७ जुलै, आषाढी

उपास. दिवसभर काही लिहिलं नाही.

सेनियो. ९ एप्रिल १९४५. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव. निमजचे, नगर जिल्ह्यातले. आधी दोन जखमींना एकेक करून पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे आणलं. मग एकटे मशीनगनवर गेले. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून दिली, ग्रेनेड घेतले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते जिवंत परतले.

तिथून पुढं जखमी मागे कुणी नेले, कुठे लिहिलेलं नाही.

२१ जुलै, रविवार

मीच फोन लावला. सगळं सांगितलं. सुभेदारांचं वाक्य जसंच्या तसं. पलीकडे इतका वेळ शांत की लाइन गेली असं वाटलं.

"पण घरात सगळे म्हणायचे," तो म्हणाला.

मीही म्हणालो होतो रे, महिन्यापूर्वी.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. पवना पात्राबाहेर. शाळा बंद. जिन्यात पाणी आलं, ट्रंक कपाटावर चढवली. पट्टी आधीच काढून देवघरात ठेवली होती.

२८ जुलै, रविवार

साडेनऊला फोन. बंदुकीचं काय केलंस, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

"काका, पट्टीचा फोटो पाठवा. तिरप्या उजेडात. आणि माप."

टेबलावर पांढरा कागद अंथरला. स्टीलची पट्टी काढली. कापड ताणलं की माप बदलतं, म्हणून न ताणता तीनदा घेतलं. रुंदी दोन ठिकाणी वेगळी. एक टोक नंतर हातानं शिवलंय, काळ्या दोऱ्यानं, सोळा टाके. टाके एकसारखे नाहीत. ते आईचे नाहीत. आई उजव्या हातानं शिवायची. हे डावखुऱ्या माणसाचे. आप्पा डावखुरे होते.

सगळं लिहून पाठवलं.