पुण्यातील जपानी बाग

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत आणि डोंगरउतारावरील वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या माणसांना घटकाभर निवांत बसायलाही जागा शोधावी लागते. म्हणूनच एका रविवारी आम्ही चार कुटुंबे कल्याणहून सकाळच्या गाडीने पुण्यास गेलो. स्टेशनवरून बसने स्वारगेट आणि तेथून सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ते हेच.

सुमारे १० एकरांची ही बाग जपानच्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडविली आहे. येथे भर फुलांच्या ताटव्यांवर नाही. पाणी, दगड आणि हिरवळ यांवर आहे. वाट मुद्दामच वळणावळणाची ठेवली आहे. सगळी बाग एका नजरेत दिसत नाही. दर वळणावर नवे दृश्य समोर येते. पुलाखालून रंगीत मासे जाताना पाहून आमची मुले चक्क गप्प झाली.

मूळ कोराकुएनचा इतिहास वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये ती बांधावयास घेतली आणि १७०० मध्ये पूर्ण केली. त्या बागेत भाताची खाचरे आणि चहाची लागवडही आहे. १८७१ मध्ये तिला कोराकुएन हे नाव मिळाले. त्यामागे एक जुना चिनी विचार आहे : राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी, सुख मात्र लोकांच्या नंतर भोगावे. १८८४ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचे मोठे नुकसान झाले. जुन्या नकाशांच्या आणि चित्रांच्या आधारे ती पुन्हा उभी केली गेली.

आमच्यासोबतच्या एका मावशींनी उभे आयुष्य लोकांच्या बंगल्यांतील बागा झाडण्यात घालविले. बाकावर टेकून त्या म्हणाल्या, "बागेत येऊन नुसतं बसायचं, हे आज पहिल्यांदाच." आम्ही त्यांना तासभर उठविले नाही.

आपल्या उपनगरांतही बागा व मैदानांसाठी राखीव भूखंड आहेत. त्यांवर अतिक्रमण होऊ नये म्हणून वस्तीतील मंडळांनी जागे राहिले पाहिजे. बाग म्हणजे श्रीमंतांची चैन नव्हे; दिवसभर राबणाऱ्या माणसाला तिची गरज अधिक आहे.

वाचकांनी सहकुटुंब जरूर जावे. उद्यानाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि डबा बाहेरच खाऊन मग आत जावे.