सुतारमेटावरचा शब्दकोश

निपाणीच्या ज्या सुतारमिस्त्रींविषयी आज आम्ही लिहीत आहोत, त्यांचे नाव कोणत्याही चळवळीच्या इतिहासात सापडणार नाही. घरच्यांच्या संकोचाचा मान राखून आम्हीही ते येथे देत नाही. गल्ली त्यांना मिस्त्रीमामा म्हणे आणि तेवढी ओळख त्यांना जन्मभर पुरली. गेल्या पावसाळ्यात ते गेले. सीमाभागातील मराठीविषयी आम्ही आजवर लिहिले त्यात कलमे, निवाडे, ठराव पुष्कळ आले. परंतु ही भाषा ज्यांच्या हातांत जिवंत राहिली, त्यांच्याविषयी लिहिणे राहून गेले होते.

मामांचा धंदा बैलगाड्यांचा. निपाणी ही तंबाखूची पेठ. तंबाखूची बोदे वखारीपर्यंत पोचवायची, तवंदीचा घाट चढायचा, मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला कुटुंब घेऊन जायचे, तर गाडी मजबूत हवी. चाकाचे आरे, त्यांभोवतीचे पुठ्ठे, वर तापवून चढविलेली लोखंडी धाव, मधला आख, पुढचे जू आणि जुवाच्या टोकाची शिवळ हे सारे त्यांच्या डोळ्यांच्या मापात असे. पुढे रबरी टायर आले, मागोमाग ट्रॅक्टर आले आणि लाकडी चाकाचा काळ सरला. मामांनी कुरकुर केली नाही. वाकस आणि पटाशी तेल लावून पेटीत ठेवली आणि म्हणाले, "आता जरा आपल्या आवडीचं करू की."

ही आवड एक नव्हती. परसात कबुतरांची ढाबळ होती; तीत उंच उडणारे गिरेबाज होते आणि शेपटीचा पंखा पसरून मिरविणारे लक्केही होते. एक खिलार बैल होता. त्याच्याकडून काम घेण्याचे दिवस संपले, तरी त्याचा खुराक चुकत नसे. रस्त्यावरून उचलून आणलेली, तीन पायांवर चालणारी एक कुत्री होती. बंद पडलेली भिंतीवरची घड्याळे ते दुरुस्त करीत, भजनी मंडळाच्या पेटीचा भाता शिवून देत, आणि शेजारच्या पोरांना भोवरे कातून देत. पैसे विचारले की म्हणत, "धंदा बंद झालाय, आता कसले पैसे?"

आम्ही कोर्टातून परतताना त्यांच्या मेटावर टेकत असू, ते मुख्यतः शब्दांसाठी. सुताराच्या एका पेटीत किती मुलुख नांदतात, हे तेथे कळे. करवत आली संस्कृतातील करपत्रापासून. रंधा फारसीतून. स्वतः मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. मामा तुपाची वाटी पुढे सरकवीत, अडकित्त्याने सुपारी कातरीत. तूप आणि अडकित्ता हे दोन्ही शब्द कानडीचे देणे. गिरमिट म्हणजे भोक पाडण्याचे हत्यार. पण हुबळी-धारवाडकडे तोच शब्द चुरमुऱ्यांच्या चटकदार खाण्याचा. "एका गिरमिटानं लाकडाला भोक, दुसऱ्यानं खिशाला," हा त्यांचा ठरलेला विनोद.

बेळगावच्या मराठीवर पु. ल. देशपांडे यांच्या 'रावसाहेबां'मुळे उभा महाराष्ट्र हसला. त्या हसण्यात प्रेम होते, हे खरेच. तथापि या बोलीकडे केवळ गमतीचा हेल म्हणून पाहणाऱ्यांनी मामांच्या मेटावर एक दुपार काढायला हवी होती.

एक गोष्ट आम्हांस पहिल्यांदा खटकली होती. कबुतरांशी, कुत्रीशी मामा मराठी बोलत. बैलाला मात्र "बा, बा" म्हणून बोलवीत आणि "निल्लु" म्हणून थांबवीत. घरात पक्की मराठी आणि गोठ्यात कानडी, हे कसे? आम्ही विचारले. ते म्हणाले, "कानडी मुलखातनं आणलाय त्याला. जनावर ज्या भाषेत वाढलं, त्या भाषेत हाक मारावी की हो वकीलसाब. माणसाला समजावता येतंय, त्याला कुठलं?"

वाचकहो, राज्यपुनर्रचनेबरोबरच, 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात 350 अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. आम्ही या कलमावर पाने भरून युक्तिवाद लिहिले आहेत. त्याचे मर्म मात्र मामांनी बैलाच्या दाव्याला हात लावून दोन वाक्यांत सांगितले. समजावून घेण्याची जबाबदारी दुबळ्यावर नसते, हाक मारणाऱ्यावर असते.

ज्येष्ठी पौर्णिमेला ते बैलाला सजवीत. त्या सणाला आपल्याकडे कर्नाटकी बेंदूर म्हणतात आणि तो कर्नाटकाइतकाच इचलकरंजीतही थाटाने होतो. पुढे आषाढात महाराष्ट्री बेंदूर येई, तेव्हा त्याच बैलाला पुन्हा पुरणपोळी मिळे. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावे असेही म्हटले. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत, लोकेच्छा ही तत्त्वे आम्हांस आजही न्याय्य वाटतात. पण बहुमत मोजताना डोकी मोजली जातात. डोक्यांतले शब्द कोणी मोजत नाही.

मामांच्या दिवसकार्याला त्यांचा नातू पुण्याहून आला होता. अभियंता, हुशार, आजोबांवर जीव असलेला. हत्यारांची पेटी उघडल्यावर त्याने एकेक वस्तू हातात घेतली. यंत्रशास्त्रातली इंग्रजी नावे तो सहज सांगे. शिवळ म्हणजे काय, हे मात्र त्याने आम्हांस विचारले. त्याच्यावर कोणी कानडीची सक्ती केली नव्हती. तो सीमेच्या अलीकडे वाढला असता काय किंवा पलीकडे, इंग्रजी शाळेच्या बाकावर हा शब्द त्याच्यापर्यंत पोचलाच नसता. सक्तीविरुद्ध लढता येते. विसरण्याविरुद्ध कोणत्या न्यायालयात जावे?

बैल आता ओळखीच्या शेतकऱ्याकडे आहे. देताना त्याची हाकही सांगून दिली आहे. कुत्री नातवाने पुण्याला नेली. कबुतरे ढाबळीवरच येतात, शेजारी दाणे टाकतात. आमच्याकडे उरली आहे ती जुन्या दाव्यांच्या कोऱ्या पाठींवर उतरवून घेतलेली शब्दांची यादी. ती आम्ही येथे क्रमाने देणार आहोत. सीमेच्या दोन्ही अंगांच्या वाचकांनी आपापल्या गावातील लोहार, कुंभार, विणकर, गवंडी यांच्याजवळ बसून तिच्यात भर घालावी. नातवाने पहिली नोंद स्वतःच्या हाताने करून दिली आहे: शिवळ, स्त्रीलिंगी, बैलाची मान जुवातून निसटू नये म्हणून जुवाच्या टोकाला घालावयाची खुंटी.