मांगीतुंगी चढताना हिशेब उतरायचाही ठेवा



सुट्ट्या लागल्या की फोन येतोच, "काकू, मुलांना घेऊन मांगीतुंगीला जायचंय, काय काय न्यायचं?" म्हणून यंदा लिहूनच ठेवते.

आम्ही जळगावहून धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहराबाद असे जातो. दुपारी निघून मुक्कामाला पायथ्याशी पोहोचायचं. सूर्यास्ताच्या आधी जेवण उरकायचं आणि लवकर झोपायचं. पायऱ्या सुमारे ३५०० आहेत. उजाडताच चढायला लागलात तर ऊन चढायच्या आत मांगीचं दर्शन होतं. आमच्या खानदेशात फाल्गुनातलं ऊनही कमी नसतं, आणि तिथला काळा खडक तापला की पाय टेकवत नाही.

बरोबर दशम्या, खाकरा, गूळ-शेंगदाणे घ्यावेत. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की मऊ राहतात. पाणी रात्रीच गाळून, उकळून भरावं, आणि प्रत्येकाची बाटली वेगळी असावी. चामड्याचा पट्टा, पाकीट खालीच ठेवावं. गुडघे दुखत असतील तर डोलीची चौकशी आदल्या संध्याकाळीच करावी. २०१६ साली पंचकल्याणक झालेल्या १०८ फुटी ऋषभदेव भगवंतांच्या मूर्तीपर्यंत गाडीने जाता येतं, म्हणजे ज्येष्ठांचंही दर्शन चुकत नाही.

आता माझी चूक सांगते. गेल्या फाल्गुनात मी मनाशी नियम केला, मांगीचं दर्शन होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही. त्यात माझ्याच पूजेपायी निघायला साडेआठ वाजले. निम्म्यावर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाईने पायरीवर बसवलं. "आई, घोटभर तरी घ्या." मी म्हटलं, "नियम आहे."

तेवढ्यात लक्ष गेलं आठ वर्षांच्या नातवाकडे. त्याचे ओठ सुकले होते आणि बाटली भरलेलीच होती. विचारलं तर म्हणाला, "आजी नाही पीत, म्हणून मीपण नाही."

माझ्या काळजात चर्र झालं. त्याला कुणी नियम दिला नव्हता, त्याने माझा पाहून घेतला होता. मी आधी पाणी प्याले, मग त्याने अर्धी बाटली एका दमात संपवली. मांगीचं दर्शन सावकाश झालं. तुंगी मात्र राहिली, खालूनच हात जोडले.

सोळाकारण भावनांत "शक्तितस्तप" आहे. वर्षानुवर्षं म्हणत आले, पण त्यातला "शक्तितः" त्या पायरीवर कळला. तप शक्तीप्रमाणे करायचं, आणि बरोबर लेकरं असतील तर त्यांची शक्तीही धरायची. नियम घ्यायचाच असेल तर घरी, पंख्याखाली घ्यावा. मीही प्रायश्चित्त म्हणून घरी येऊन एकासन केलं.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. चढतानाच सगळी शिल्लक खर्च करू नका, उतरायला निम्मी ठेवा. उतरतानाच गुडघे जास्त बोलतात.

नातू म्हणतो, पुढच्या वेळी तुंगी. मी म्हटलं, जाऊ, पण मार्गशीर्षात, पहाटे, आणि तुझ्या बाटलीवर माझी नजर असेल.

जय जिनेंद्र.