नांदेड ते लातूर, मोबाइल दादीच्या बटव्यात

महिन्यातून एका रविवारी आम्ही नांदेडहून लातूरला जातो. थोरली लेक तिथे वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. मराठवाड्यात यात काही नवल नाही. ‘लातूर पॅटर्न’चं नाव ऐकून परभणी, हिंगोली, बीडकडची कितीतरी घरं अशीच रविवारी लातूरच्या रस्त्याला लागलेली दिसतात. गाडीत मागे डब्यांची पिशवी, धुतलेल्या कपड्यांची पिशवी, लोणच्याची बरणी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

आमचंही पहिले चार महिने असंच चाललं होतं. फजरनंतर आवरून निघायचं, गोदावरीचा पूल ओलांडला की सफरची दुआ पढायची आणि मग गाडीत जी शांतता पसरायची ती थेट लातूर येईपर्यंत. मधला मुलगा गेममध्ये, धाकटी कार्टूनमध्ये. मुलांचे अब्बा गाडी चालवणार, आम्ही शाळेच्या ग्रुपवरचे निरोप वाचणार. मागच्या सीटवर खिडकीशी दादी बसलेल्या असत, हातात तसबीह. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि त्यांनाही कोणाला हाक मारावीशी वाटत नव्हती. माळाकोळीच्या पुढे बालाघाटाचे चढ-उतार सुरू झाले की मधल्याला हमखास मळमळायचं. डोळे हातातल्या स्थिर पडद्यावर आणि कानाच्या आतला तोल सांगणारा भाग म्हणतो की आपण हलतो आहोत. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. सातवीच्या मुलांना आम्ही हे समजावून सांगतो. स्वतःच्या मुलाला मात्र प्लॅस्टिकची पिशवी देऊन गप्प बसवत होतो.

तरी खरी गोष्ट वेगळीच होती. लातूरला पोचलो की लेकीला भेटायला चार-पाच तास मिळायचे. ती गेटबाहेर येऊन सलाम करायची आणि आम्ही तिला जवळ घेण्याआधी विचारायचो, ‘‘या वेळच्या टेस्टमध्ये 720 पैकी किती?’’ मग फिजिक्समध्ये कमी का, मैत्रिणीला किती, झोपतेस किती. एका रविवारी ती जेवता जेवता शांतपणे म्हणाली, ‘‘अम्मी, शनिवारी एक टेस्ट असते आणि रविवारी तुम्ही येता. म्हणजे दोन झाल्या.’’

परतीच्या वाटेवर त्या दिवशी कोणीच मोबाइल काढला नाही. पण कोणी बोललंही नाही.

पुढच्या खेपेला दादींचा कापडी बटवा समोर धरला आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात टाकले. फक्त अब्बांचा रस्त्यासाठी बाहेर. दादींनी बटव्याची दोरी ओढली आणि तो असा काही मांडीखाली घेतला की कोणाची मागायची हिंमत झाली नाही.

आता कबूल करायला हरकत नाही, पहिला प्रयत्न साफ फसला. आम्ही पडलो बी.एड. झालेले. आदल्या रात्री बसून खेळांचं वेळापत्रक केलं: लोह्यापर्यंत शब्दकोडी, अहमदपूरपर्यंत सामान्यज्ञान, चाकूरपर्यंत पाढ्यांची स्पर्धा. लोहा यायच्या आत मुलगा म्हणाला, ‘‘ही तर शाळाच भरली.’’ धाकटी झोपून गेली. खेळात शिकवायची खोड आमच्या लोकांची जाता जात नाही. वेळापत्रक लातूरच्या कचरापेटीत गेलं.

गाडीतला पहिला खरा खेळ दादींनी सुरू केला, तोही न ठरवता. मुलगा कंटाळून म्हणाला, ‘‘काहीच नाही करायला.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘कैसा नै? हमारे टाइम पे बैतबाजी होती थी, रात रात भर.’’ बैतबाजी म्हणजे एकाने शेर म्हणायचा आणि तो ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्याने म्हणायचा. मराठी घरांतल्या गाण्याच्या भेंड्यांची ही बहीण. दादी चौथीपर्यंतच उर्दू शिकल्या, पण शेर त्यांना इतके पाठ की आमची डिग्री लाजावी. मुलांकडे शेर नव्हते. म्हणून आम्ही शब्दांवर आलो: उर्दू चालेल, मराठी चालेल, शेवटचं अक्षर धरायचं.

आणि तिथेच मजा सुरू झाली, कारण दोन्ही भाषांचं शेवटचं अक्षर एक नसतं. दादी म्हणाल्या, ‘‘मदरसा.’’ मुलाने लगेच ‘सा’ धरून ‘साखर’ म्हटलं. दादी हसल्या, ‘‘मदरसा ‘हे’ पे खतम होता रे.’’ खरंच, उर्दू लिपीत मदरसा, चश्मा, परदा या शब्दांच्या शेवटी छोटी ‘हे’ असते. मुलगा मराठी माध्यमात शिकतो. उर्दू तो घरी ऐकतो, वाचत नाही. तो हट्टाला पेटला की ‘‘मला ऐकू येतो तो ‘सा’.’’ अर्धा तास भांडण चाललं. शेवटी अब्बांनी स्टिअरिंगवरून निकाल दिला: उर्दू शब्द उर्दू हिज्जेप्रमाणे, मराठी शब्द मराठीप्रमाणे. त्याचा परिणाम असा झाला की मुलगा घरी येऊन दादींना विचारू लागला, कोणता शब्द कशावर संपतो. त्याला उर्दू हरूफ शिकवायला आम्ही दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या होत्या. शिकला तो दादींना हरवायला.

मराठीत शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’वर संपला तर पंचाईत होते, कारण या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत. भेंड्यांत ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ घेण्याची सवलत असते, तीच आम्ही घेतली. उर्दूत तोच तिढा ‘ड़े’चा आहे. दादींनी हे हत्यार बरेच दिवस लपवून ठेवलं आणि एकदा गाडी ऐन चढावर असताना काढलं: ‘‘पहाड़.’’ मुलगा म्हणाला, ‘‘मग आम्ही ‘ड’ घेतो.’’ दादी म्हणाल्या, ‘‘नक्को. बैतबाजी में रियायत नै होती.’’

बाकीचे खेळ रस्त्याने दिले. हा महामार्ग क्रमांक 361, अंतर एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि गावांच्या पाट्याच पाट्या. गावाच्या नावात लपलेला शब्द शोधायचा, हा धाकटीचा आवडता खेळ. लोहा म्हणजे लोखंड, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. चाकूरमध्ये चाकू. माळाकोळीत माळा आणि कोळी दोन्ही. रस्त्यावरची संपली की जिल्ह्यातली घ्यायची: अर्धापुरात अर्धा, मुखेडात मुख, आणि भोकर तर आख्खं लोणच्याचं फळ. गाड्यांच्या नंबरांचाही खेळ होतो. 26 म्हणजे आपलं नांदेड, 24 लातूर, 22 परभणी, 23 बीड, 25 धाराशिव. 38 आलं की थांबायचं, पुढची अक्षरं वाचायची. एमएच 38 हिंगोली, पण केए 38 बीदर. तेलंगणाची गाडी दिसली की दोन गुण. टीएस की नवी टीजी हे सांगितलं तर तीन. यात दादी मधूनच म्हणतात, ‘‘पहले ये सब एकिच था, हैदराबाद.’’ लातूरचा वेगळा जिल्हा तर 1982 सालचा. त्यांच्या लेखी लातूर अजूनही उस्मानाबाद जिल्ह्यातच आहे आणि त्यावर त्या गुण सोडत नाहीत.

गाडी चालवणाऱ्याला नजरेचे खेळ द्यायचे नाहीत, हा आमच्याकडे सक्त कायदा आहे. एकदा ‘बीदर! बीदर!’ ओरडल्यावर अब्बांनी मान वळवली आणि पुढच्या उसाच्या ट्रॉलीला आम्ही जेमतेम चुकवलं. तेव्हापासून ते फक्त शब्दांच्या खेळात आणि निकाल द्यायला. अंधार पडल्यावर नंबरांचा खेळही बंद.

संध्याकाळी अहमदपूरला मगरिबसाठी थांबतो. लातूरला जुहर दोनच रकात पढली, मग मगरिबच्या पूर्ण तीन का, हे कोडं धाकटी दर खेपेला घालते. उत्तर तिला माहीत आहे, तरी घालते.

परतीच्या अंधारात एकी-बेकी. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्याने सम की विषम ते सांगायचं. दादींनी पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अल्ला, ये तो जुवा हो गया!’’ हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. हरणाऱ्याचे चिंचोके जिंकणाऱ्याकडे जात होते आणि मुलं पणाला चॉकलेटं लावायच्या बेतात होती. तेव्हा ठरलं की चिंचोके सगळ्यांचे, खेळ संपला की डबीत परत. हरणाऱ्याने काही द्यायचं असेल तर एक गोष्ट सांगायची, आधी कधीही न सांगितलेली.

दादी हरल्या. बराच वेळ गप्प राहिल्या. आम्हाला वाटलं, डोळा लागला. मग त्यांनी सांगितलं ते 30 सप्टेंबर 1993चं. पहाटे चारच्या आधी नांदेडच्या घरात फडताळातली भांडी वाजायला लागली. त्यांना वाटलं मांजर आहे. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, लोक गाढ झोपेत होते, आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. मोहल्ल्यातल्या बायकांनी दिवसभर रोट्या लाटल्या. मुलांचे दादा टेम्पोत बसून औशाकडे गेले, ते तिसऱ्या दिवशी आले. ‘‘आए, और अंगन में बैठ के हात धोते रहे, धोते रहे. मैंने पूछा नै. उन्ने बताए नै.’’

मुलांच्या दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते तिकडे गेले होते हे अब्बांनाही, त्यांच्या सख्ख्या मुलालाही, माहीत नव्हतं. गाडीचा वेग कमी झाला. धाकटीने चिंचोके डबीत टाकले तो आवाज तेवढा आला.

पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन आम्ही औशाला गेलो. लातूरपासून वीसेक किलोमीटर. हा भुईकोट किल्ला सभोवतालच्या उंच जमिनीत खोलगट जागी बांधलेला, त्यामुळे दुरून दिसतच नाही. किल्ला आधी कोणाला दिसतो, असा खेळ लावला आणि सगळेच हरले. खंदक समोर आला तेव्हा कळलं की पोचलो. तटाच्या सावलीत डबे उघडले. आम्ही ठरवून मार्कांचा विषय काढला नाही. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. दुसरं काय विचारावं तेच सुचत नव्हतं, ही लाज आधी कधी वाटली नव्हती.

मग मुलाने तिला दोसुखने घातले. हा अमीर खुसरोंच्या नावाशी जोडलेला प्रकार: दोन वेगवेगळे प्रश्न, उत्तर एकच. आम्ही गाडीत मराठीत करून पाहत होतो. गोदावरीच्या पुलावर त्याला सुचलेला असा: ‘‘नदी का ओलांडली नाही? पोराला हाक का मारली नाही?’’ लेक विचारात पडली आणि एकदम ओरडली, ‘‘नाव नव्हतं!’’ हा फक्त मराठीत जमतो. उर्दूत बोलायचं नाव ‘नाम’ आणि पाण्यातली तेवढी ‘नाव’. तिने लगेच उलट टाकला: ‘‘झाड बोडकं का? वही अपुरी का?’’ ‘‘पान नव्हतं,’’ दादी म्हणाल्या, आणि तोंडातलं पान दाखवून हसल्या.

त्या दुपारी लेकीने आपणहून सांगितलं की तिला रात्री झोप लागत नाही, आणि खोलीतल्या मैत्रिणीने वर्ग सोडून घरी जायचं ठरवलं आहे. ‘‘मीपण विचार केला होता,’’ ती म्हणाली. आम्ही काही समजावलं नाही. दादींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी ती दोन दिवसांसाठी घरी येणार आहे, मग बसून बोलू, इन्शाअल्लाह.

वसतिगृहाच्या गेटवर निरोप घेताना दादींनी तिला शब्द दिला, ‘‘पहाड़. महिना दिया तेरेकू.’’

या खेपेला ती बाहेर आली तेव्हा हातात वहीच्या कागदाची चिठ्ठी होती, दादींच्या नावाने. गाडी सुटल्यावर उघडायची अट होती. मुलाने वाचून दाखवली: ‘‘दादी, ‘ड़े’ला उत्तर नाही, मान्य. पण मग आमच्या ‘ळ’लाही यापुढे सवलत नाही. तुमच्यासाठी शब्द: आभाळ.’’

दादींनी बटवा मांडीखाली सरकवला आणि खिडकीबाहेर बघत पुटपुटू लागल्या. चाकूर मागे पडलं तरी त्यांचं चालूच होतं.